पाहुण्यांची लिफ्ट

वस्तू वापरली की झिजते, याबद्दल शास्त्रज्ञ, सासवा आणि सहकार खातं या तिघांचंही एकमत आहे. तेव्हा जी वस्तू खरोखर चांगली आहे तिला कोणी हात लावू नये, हे ओघानंच आलं. हे तत्त्व घराघरांत पाळलं जात होतंच, पण त्याला ठरावाचं रूप मिळालं ते १९८२ साली, कर्जतच्या ‘कल्पवृक्ष’ सहकारी गृहनिर्माण संस्थेत. श्रेय संस्थेचे सेक्रेटरी पद्माकर गोमा ठोंबरे यांचं. (गावात त्यांना पदू म्हणत. इमारतीत राहायला आल्यावर तसं म्हणू नये असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि पदूच म्हणत राहिले.)

इमारत उभी होती ती पदूच्याच भाताच्या खाचरावर. ठाण्याच्या एका बिल्डरनं खाचर घेतलं आणि बदल्यात इमारतीतला एक ब्लॉक देऊ केला. कुठला हवा, असं विचारल्यावर पदूनं सगळ्यात वरचा, चौथ्या मजल्यावरचा मागितला. ज्यांनी जन्मभर गुडघाभर चिखलात भात लावलं त्यांनी आता उंचावर राहावं, यात गैर ते काय? (भात लावलं होतं पदूच्या आईनं, गोदूबाईनं. पदू मोहोपाड्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होता. पण उंचावर दोघांनाही जाता आलं.)

बिल्डरच्या छापील पत्रकात आधुनिक सुखसोयींची यादी होती. मोझॅक फरशी, कडाप्प्याचा ओटा, घरातल्या घरात संडास, दाराला भिंग, खाली बाग आणि लिफ्ट. रहिवाशांनी एकेक सोय मन लावून आत्मसात केली. बाग म्हणजे ‘बागेत येऊ नये’ अशी पाटी आणि तिच्याभोवतीचं गवत. दाराच्या भिंगातून बाहेर कोण आलंय ते नीट पाहून घेता येई आणि मग आतून ओरडता येई, “आमी घरात नाय!” घरातल्या संडासाबद्दल म्हाताऱ्या माणसांनी महिनाभर नाक मुरडलं, मग पावसाळा आला आणि नाकं सरळ झाली.

पण खरा मान लिफ्टचा. आसपासच्या पाच-पन्नास गावांत अशी वस्तू नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी कशेळ्यापासूनचे लोक आले. लिफ्टला हार घातला, नारळ फोडला. आत चकचकीत पत्रा, आरसा आणि पंखा पाहून पहिल्या माणसानं दाराशी चपला काढल्या. त्याचं पाहून दुसऱ्यानं काढल्या. बघता बघता सगळा गाव अनवाणी वर गेला आणि चपला राहिल्या खाली. मग त्या पोत्यात भरून चार मजले जिन्यानं वर न्याव्या लागल्या. ते काम वॉचमन जैतूनं केलं. (लिफ्टनं का नेल्या नाहीत, असं नंतर एकानं विचारलं. लिफ्टमध्ये चपला? जैतूला ते सुचलंसुद्धा नाही, आणि त्याबद्दल त्याचं कौतुक झालं.)

त्याच आठवड्यात सभा भरली आणि पदूनं तयार करून आणलेला ठराव एकमतानं मंजूर झाला. ‘सदर लिफ्ट ही संस्थेची शोभा असून रहिवाशांच्या रोजच्या वापरानं ती जाण्याचा संभव आहे. सबब लिफ्ट केवळ पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यात येत आहे. पाहुणा म्हणजे जी इमारतीत राहत नाही, जिच्या हातात पिशवी आहे आणि जी परत जाणार आहे अशी व्यक्ती.’ लिफ्टच्या दारावर पदूच्या बायकोनं, सुनंदानं, फुलाफुलांचं कापड शिवून लावलं. पहिल्या वर्षात वर गेलेल्या पाहुण्यांत निम्म्याहून अधिक जावई होते, पाव हिस्सा व्याही आणि उरलेले विमा एजंट. (विमा एजंट पाहुणा धरावा का, यावर दोन सभा झाल्या. त्याच्या हातात पिशवी असते, आणि तो परत जाईल अशी आपण आशा करतो, म्हणून धरला.)

अडचण एकच होती, आणि ती पदूच्या घरात होती. गोदूबाईचे गुडघे गेले होते. वास्तुशांतीच्या दिवशी सगळेच पाहुणे होते, तेव्हा ती लिफ्टनं वर आली. त्यानंतर ती खाली उतरली नाही. चार माणसांत बसायची सवय असलेली बाई. गावच्या घरी दारातनं जाणारा प्रत्येक माणूस तिच्याशी दोन शब्द बोलून जाई. इथं ती गॅलरीत बसायची आणि खालून कोणी गेलं की ओरडायची, “कोन रं तो? वर ये की च्या प्यायला!” खालचा माणूस वर बघायचा, चार मजले मोजायचा आणि हात हलवून निघून जायचा. गोदूबाईला फार एकटं वाटायचं. तिनं तसं सांगितलंही.

“पदू, मला लिफ्टीनं खाली सोड रं. संध्याकाळच्याला जरा पारावर बसन न् येन.”

“आई, लिफ्ट पाहुण्यांसाठी हाय.”

“आरं, माज्या खाचरात उभी हाय ती!”

“म्हनून तर! उद्या लोक म्हनतील, सेक्रेटरीच्या घरातनंच नियम मोडला.”

पदूला आईची काळजी नव्हती असं कोणी म्हणू नये. त्यानं तिच्यासाठी गॅलरीत चांगली वेताची खुर्ची आणून ठेवली. ती नवी होती, म्हणून गोदूबाई तिच्या शेजारी खाली बसायची.

एक दिवस तिनं विचारलं, “पाव्हना कुनाला म्हनायचं, काय लिवलंय तुमी?” पदूनं अभिमानानं ठराव वाचून दाखवला. गोदूबाईनं तो पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकू लागली. पदू कारखान्यात गेला होता. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली, कोणी पाणी दिलं, कोणी चहा. दुसऱ्या मजल्यावर बाजारात भांड्यांचं दुकान असलेले मुनाफभाई राहत. ते पायरीवर तिच्या शेजारीच बसले.

“गोदूआक्का, चाललीस कुटं?”

“शकूकडं. लोधिवलीला.”

“लेकीकडं ऱ्हायला? लोक काय म्हनतील गं?”

“म्हनू दे. पन म्हनायला लोक तरी भेटतील.”

मुनाफभाई उठले. त्यांनी तिला हात धरून खाली नेलं आणि दुकानाच्या टेंपोतून लोधिवलीला पोचवलं.

संध्याकाळी पदू घरी आला, गॅलरी रिकामी पाहिली आणि चिडला. लेकीच्या घरी आई राहते म्हणजे मुलाच्या तोंडाला काळं. आठवडाभर तो रोज सुनंदाला सांगत होता की उद्या जाऊन आणतो, आणि रोज त्याला कळत होतं की आणली तरी वर कशी न्यायची. असा पंधरवडा गेला.

एका रविवारी इमारतीच्या फाटकाशी टेंपो थांबला. शकूनं आईला उतरवलं. गोदूबाईनं नवं लुगडं नेसलं होतं, हातात पिशवी होती, पिशवीत पोहे आणि आंबोशी.

“कोनाकडं?” जैतूनं नियमाप्रमाणे विचारलं.

“ठोंबरे सेक्रेटऱ्याकडं. पाव्हनी हाय. सांजच्याला जायाची.”

जैतूनं तिन्ही अटी मनात लावून पाहिल्या. बाई इमारतीत राहत नाही, हातात पिशवी आहे, परत जाणार आहे. त्यानं फुलांचं कापड बाजूला केलं आणि गोदूबाई चपला घालून लिफ्टमध्ये शिरली. आत पंखा लावून घेतला आणि आरशात कुंकू नीट केलं. वरच्या दारात पदू उभा होता. ठराव त्याचाच होता, त्यामुळे त्याला बाजूला होऊन वाट द्यावी लागली.

पाहुणी आली म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप झालं. सुनंदानं सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं. “बसा आई, पंखा लावू का? चहा घेताय की कॉफी?” सून घरात आल्यापासूनच्या सोळा वर्षांत हा प्रश्न गोदूबाईला प्रथमच विचारला गेला. पदू समोर बसला. पाहुण्यांसमोर पेपर वाचणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं पेपर बाजूला ठेवला आणि बोलायला विषय हवा म्हणून विचारलं, “तब्येत कशी हाय?” गोदूबाईनं सांगायला सुरुवात केली. गुडघ्यांचं सांगितलं, झोप लागत नाही ते सांगितलं, पदूच्या बापाची आठवण येते तेही सांगितलं. पदूला यातलं काहीच माहीत नव्हतं. जेवणात गोड झालं. संध्याकाळी पाहुणीला फाटकापर्यंत पोचवायला सगळं घर लिफ्टनं खाली आलं. (पाहुण्याला पोचवायला जाणारा माणूस परतीचं वर कसा जाणार, हा मुद्दा पुढल्या सभेत निघाला. जिन्यानं, असं ठरलं.)

“आता ऱ्हा की गं,” फाटकाशी पदू म्हणाला.

“ऱ्हायले की मी ऱ्हानारी झाले. मंग लिफ्ट बंद.”

पदूचा चेहरा उतरला. त्यानं त्याच महिन्यात सभा बोलावली आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या ठरावाविरुद्ध बोलला. म्हाताऱ्या माणसांना लिफ्ट द्यावी, असं तो म्हणाला. सभासदांनी शांतपणे ऐकलं आणि एक वगळता सर्वांनी विरोध केला. आज म्हाताऱ्यांना दिली तर उद्या आजारी मागतील, परवा गरोदर बायका, आणि मग लिफ्ट पाहुण्यांना दाखवण्यासारखी राहील का? विरोधात नसलेले एकटे मुनाफभाई होते. ते पदूला म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, ठराव तुमी लई पक्का लिवलाय.”

लोधिवलीला जाऊन पदूनं आईची मनधरणी केली. हवं तर पाठीवर बसवून जिना चढवीन, म्हणाला. गोदूबाईला लेकाचं वाईट वाटलं, तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पण ती म्हणाली, “नको बाबा. घरात हुते तवा तू मला कवाच इचारलं नाय. आता पाव्हनी म्हनून आले, तर समोर बसलास, बोललास. महिन्याला अशीच येत जाईन. मला येवढंच हवं हुतं. माजं बरं हाय असं.”

पुढल्या दोन वर्षांत ‘कल्पवृक्ष’मधली बहुतेक म्हातारी माणसं कुणा ना कुणाकडे राहायला गेली आणि महिन्यातून एकदा पाहुणी म्हणून येऊ लागली. त्यांचा पाहुणचार उत्तम होई. लिफ्ट आजही नव्यासारखी आहे. शहाण्या माणसाला या लोकांचं हसू येईल, आणि ते यावंही. हसून झालं की जरा आपल्या स्वयंपाकघरात डोकवा. तुमची आई चहा घेत असेल, कान तुटलेल्या कपातून. सोनेरी काठाचे सहा कप काचेच्या कपाटात आहेत. ते तिला देऊ नका, पाहुणे आले तर काय करायचं?