निगवेकरांनी दवाखान्याची गाडी विकली

त्र्यंबक निगवेकरांनी आयुष्यात एकदाच वेळेवर हात वर केला, आणि तो नेमका लिलावात केला. गेले होते खुर्ची आणायला. एक खासगी दवाखाना बंद पडला होता, त्याचं सामान विकायला काढलं होतं, आणि वेताची बरी खुर्ची मिळाली तर घ्यावी एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती. (कचेरीच्या रेकॉर्ड विभागात वीस वर्षं काढलेल्या माणसाची महत्त्वाकांक्षा बसण्यापलीकडे सहसा जात नाही.) खुर्ची दुसऱ्याच कुणी नेली. मग अंगणातली जुनी पांढरी अँब्युलन्स पुकारली गेली, कुणी बोलीच लावेना, आणि निगवेकरांना तिची दया आली. दयेपोटी माणसाचं जेवढं वाटोळं होतं तेवढं व्यसनापोटी होत नाही.

ही गोष्ट सत्तर सालची. गाडी कोल्हापूरच्या शाहूपुरीत घरासमोर येऊन उभी राहिली तेव्हा निगवेकर प्रमोदिनीबाईंना म्हणाले, "यातून आपण कन्याकुमारीला जायचं. गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक करायचा. लॉज नको, धर्मशाळा नको."

"लग्न झाल्यापासून पन्हाळ्याला नेतो म्हणताय," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पण निगवेकर पेटले होते. पुढची दोन-अडीच वर्षं त्यांचे सगळे रविवार त्या गाडीत गेले. स्ट्रेचर होतं तिथं त्यांनी दोन पलंग बसवले. वातीच्या स्टोव्हसाठी फळी ठोकली, हात धुवायला लहानसं बेसिन लावलं, खिडक्यांना चौकड्यांचे पडदे शिवून घेतले. पलंगावर उताणं पडलं की दिसेल असा भारताचा नकाशा छताला खळीनं चिकटवला. बाहेरून क्रीम रंग दिला. तरी रंगाखालचा लाल क्रॉस पुसट गुलाबी होऊन वर यायचा. तीनदा रंग दिला, तीनदा आला.

गाडी कन्याकुमारीला एकदा निघालीसुद्धा. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, निगवेकर स्वतः चालवायला, मागं प्रमोदिनीबाई, मुलगी मीनाक्षी आणि चकल्यांचे दोन डबे. कागलला लोकांनी गाडी अडवली. एक माणूस झाडावरून पडून पाय मोडून घेऊन बसला होता.

"अहो, ही अँब्युलन्स नाही," निगवेकर काकुळतीला येऊन म्हणाले.

लोकांनी मागचं दार उघडून पाहिलं. "न्हाय कशी? पलंग हाय की!"

पाय मोडलेला आत आला, त्याचे चार नातेवाईक आत आले आणि कन्याकुमारीची गाडी कोल्हापूरला परत आली. वाटेत नातेवाइकांनी चकल्या संपवल्या. त्यानंतर गाडी कुठंच गेली नाही. रविवारी दुपारी जेवण झालं की निगवेकर दारातल्या दारात तिच्यात जाऊन पडायचे, नकाशा बघायचे, आणि चारला चहाच्या वेळी घरी परत यायचे. त्यांचा प्रवास म्हणजे एवढाच.

एवढ्यावर भागलं असतं. पण मीनाक्षी लग्नाची झाली. सांगलीचं स्थळ गल्लीच्या तोंडाशी आलं आणि दारातली गाडी बघून थबकलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं, "निगवेकरांच्यात कोण आजारी आहे?" पानवाला म्हणाला, "कुणास ठावं. पर गाडी सात वर्सं झाली, हितंच हुबी हाय." सात वर्षांचं दुखणं ऐकून सांगलीकर तिथूनच स्टँडवर गेले.

दुसरं स्थळ घरात आलं, पोहे खाल्ले, मुलगी पाहिली, आणि मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, "घरात कुणाला काही... म्हणजे, बाहेर गाडी आहे म्हणून म्हटलं."

"छे छे, सगळे ठणठणीत," निगवेकर अभिमानानं म्हणाले. "ती आमची स्वतःची आहे!"

ज्या घरात दुखणी इतकी, की अँब्युलन्स स्वतःची बाळगावी लागते, त्या घरातली मुलगी कोण करील? नकाराचं पत्र दोन दिवसांत आलं.

निगवेकरांनी गाडी शेजारच्या गल्लीत नेऊन लावायचाही प्रयत्न केला. तिथं एक म्हातारबा अंथरुणाला खिळून होते. दाराशी गाडी दिसताच त्यांच्या घरातल्या बायकांनी रडायला सुरुवात केली. म्हातारबा ते ऐकून अंथरुणात उठून बसले आणि निगवेकरांचा उद्धार करू लागले. (त्यांना बरंच बरं वाटलं म्हणतात, पण आभार कुणी मानले नाहीत.)

शेवटी प्रमोदिनीबाईंनी निकाल दिला. "येत्या रविवारी मिरजेचे हेर्लेकर येताहेत. मुलगा बँकेत आहे. त्याच्याआधी ही गाडी दारातून गेली पाहिजे. हे स्थळ गेलं तर मीनूच्या नशिबी तुमची गाडी आणि मी, दोनच राहू."

 मुलीचं हसणं अलीकडं कमी झालंय हे निगवेकरांनाही दिसत होतं.

आता गाडी विकायची म्हणजे दुसरा कुणी चार गोष्टी लपवतो, चार वाढवून सांगतो. निगवेकर पडले रेकॉर्ड विभागाचे. दवाखान्याच्या ड्रायव्हरनं त्रेपन्न सालापासून लिहिलेली फेऱ्यांची वही गाडीबरोबर आली होती. ती त्यांनी जपून ठेवली होती, तिला पुठ्ठा घातला होता, पानांना आकडे घातले होते आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात गोषवाराही जोडला होता. घेणाऱ्याला सगळं माहीत असायला हवं, नाहीतर उद्या तक्रार येते, असं त्यांचं ठाम मत होतं.

पहिला आला ज्ञानू गुळवे. गुळाचा व्यापारी, त्याला माल फिरवायला गाडी हवी होती. इंजिन बघितलं, टायरवर लाथ मारून बघितली, आत पलंगावर बसून बघितलं. खूश झाला. तेवढ्यात निगवेकरांनी चष्मा लावला आणि वही उघडली.

"एकूण फेऱ्या चारशे बारा," ते म्हणाले. "पैकी वाटेत मयत, सदतीस."

ज्ञानू पलंगावरून उठला. "ह्या पलंगावर?"

"नाही, नाही! तेव्हा स्ट्रेचर होतं."  पण खोटं निगवेकरांच्या तोंडून निघेना. "जागा मात्र तीच."

ज्ञानू गेला. त्याच्यामागून आलेले तिघंही गेले. एकानं तर गाडीला नमस्कार केला आणि मग गेला.

"ती वही बंबात घाला!" प्रमोदिनीबाई कडाडल्या.

"अगं, रेकॉर्ड जाळायचं नसतं."

"मग मलाच घाला!"

शनिवार उजाडला. दुपारी बिद्रीकडचे पिराजी म्हणून एक शेतकरी आले. मोठा फेटा, मोठा आवाज. कुणाकडून तरी त्यांना गाडीचं कळलं होतं. पलंगावर मांडी घालून बसले. निगवेकरांनी जड मनानं वही उघडली.

"आधी एवढं ऐकून घ्या, पाहुणे. मग नाही म्हणा."

"वाचा की. मला कुटं घाई हाय?"

निगवेकर वाचत गेले. विंचू, पटकी, विहिरीत पडलेला, मारामारी, मयत, मयत, बरा होऊन घरी. पिराजी डोळे मिटून पोथी ऐकावी तसे ऐकत होते. निगवेकर दोनशे चौदाव्या फेरीवर आले. "नऊ ऑगस्ट छप्पन्न. बिद्री रस्ता. बाळंतीण, नाव बयाबाई. गाडी चिखलात रुतली. वाटेतच मुलगा झाला. दोघं सुखरूप."

पिराजींनी डोळे उघडले. "थांबा. परत वाचा."

निगवेकरांनी परत वाचलं.

"बया माझी बायकू," पिराजी म्हणाले. "आन् त्यो पोरगा म्हंजे आमचा कृष्णात. आता तालमीत जातोय, म्हशीसारका झालाय." ते खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "त्या दिशी चिखलातनं मी ढकलली हुती हिला. ढकलता ढकलता आतनं रडणं ऐकलं. हीच व्हय ती?" त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. "सायेब, ही माझी झाली. दुसऱ्या कुणाला दावू नगासा."

 पिराजींनी पडदे, स्टोव्ह, बेसिन बघितलं आणि विचारलं, "ही निजायची सोय कशाला केलीसा?"

"कन्याकुमारीला जायला."

"मंग गेलतासा?"

"कागलपर्यंत."

पिराजी काहीच बोलले नाहीत. त्या भागातला माणूस गप्प बसला म्हणजे त्याला खरोखर वाईट वाटलेलं असतं. "तुमी काळजी करू नगा," ते जरा वेळानं म्हणाले. "मळ्यात आंब्याखाली हुबी करतो. दुपारची बया पडंल ह्यात."

नकाशा तेवढा काढून घेतो म्हणून निगवेकर आत चढले. खळ पक्की होती. नकाशा म्हैसूरपर्यंत सुटून हातात आला आणि तिथं फाटला. खालचं टोक छतालाच राहिलं. कन्याकुमारी पिराजींच्या मळ्यात गेली.

रविवारी हेर्लेकर आले. अंगण मोकळं होतं. गाडीच्या तेलाचा डाग पडला होता त्यावर प्रमोदिनीबाईंनी मोठी रांगोळी काढली होती. मुलाचे वडील अप्पा, त्यांची थोरली बहीण अक्का, आणि मुलगा. निगवेकर समोर बसले, पण रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दाढी करताना दोनदा कापलं होतं. पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. रस्त्यावर मोटारीचा हॉर्न वाजला की त्यांची नजर दाराकडं जायची आणि ओली होऊन परत यायची.

अप्पांनी बोलतं करायचा प्रयत्न केला. "निवृत्तीनंतर काय बेत, त्र्यंबकराव? फिरायला वगैरे?"

"होता बेत," निगवेकर म्हणाले. "आता नशिबात नाही."

अप्पा आणि अक्कांनी एकमेकांकडं पाहिलं. मग सगळेच हळू आवाजात बोलू लागले. निघताना अक्कांनी निगवेकरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"बघितलंत?" पाहुणे गेल्यावर प्रमोदिनीबाई हरखून म्हणाल्या. "आजारपणाचा शब्दसुद्धा काढला नाही कुणी!"

गुरुवारी प्रमोदिनीबाईंच्या नावे पत्र आलं. मीनाक्षी दाराआड उभी होती. प्रमोदिनीबाईंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"कृ. सा. न. वि. वि. मुलगी आम्हां सर्वांस पसंत आहे." दाराआडून बांगड्या वाजल्या. "परंतु मुलीच्या वडिलांची प्रकृती पाहून फार वाईट वाटले. आपण ती गोष्ट झाकली नाही, याचे आमच्या अक्कांस विशेष कौतुक वाटले. तरी उद्या काही बरेवाईट झाल्यास वर्षभर मंगलकार्य करता येत नाही, हे आपण जाणताच. याकरिता याच वैशाखात उरकून घ्यावे. त्यांच्या डोळ्यांदेखत होईल. मानपानाची काळजी नसावी. या अवस्थेत आपणांस तो त्रास देणे आम्हांस शोभणार नाही."

निगवेकर ताडकन उठले. "मला काय धाड भरलीय! आत्ताच्या आत्ता मिरजेला जाऊन सांगतो, मी ठणठणीत आहे म्हणून!"

प्रमोदिनीबाईंनी दाराला कडी घातली. दाराआडून मीनाक्षीचं हसू ऐकू येत होतं, किती तरी महिन्यांनी. ते ऐकून निगवेकर मुकाट्यानं खाली बसले.

"वैशाखातल्या पहिल्या मुहूर्ताला सतरा दिवस आहेत," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "अक्षता पडेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, आणि चेहरा आजाऱ्यासारखा ठेवायचा."

"आणि तो कसा ठेवायचा?"

प्रमोदिनीबाईंनी पत्राची घडी घातली, त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वेगळं काही करू नका. आहे तोच चालेल."