सत्यशीलाची माती आणि रामदासची म्हैस

आमचा रामदास गवळी दुधात पाणी घालतो, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करायचं मी एका रविवारी ठरवलं. (मी दक्षता विभागात कारकून आहे. संशय घेणं हा माझा पेशा. घरी तो मी फुकट चालवतो.)

बायको सत्यशीला रसायनशास्त्रज्ञ. डेअरीच्या सांडपाण्यातलं प्रोटीन शोषून घेणारी खास माती ती प्रयोगशाळेत तयार करते. "प्रोटीन मातीला चिकटतं, पाणी मागे राहतं," असं तिनेच मला समजावलं होतं. म्हणजे दुधात माती घाला, मागे राहील ते पाणी मोजा, आणि पकडा चोर! ती बाहेर गेल्याबरोबर तिच्या बरणीतली माती मी लिटरभर दुधात ढवळली.

तासाभरात खाली गाळ, वर गढूळ पाणी. पट्टी लावली. पाऊण पातेलं पाणी! मी पातेल्यासकट जिन्यात धावलो. धायरीतल्या आमच्या नव्या सोसायटीत बाराही घरांना दूध रामदासचंच. तळमजल्यावरच्या अनिरुद्धने (नुकताच आयटीत लागलेला) कॉम्प्युटरवर रंगीत आलेख काढला. संध्याकाळच्या आत सगळ्यांनी दूध बंद केलं.

रामदास कॅन घेऊन खाली उभा होता. "तीस वर्सं दूध घालतोय साहेब. असं कुनी बोललं न्हाई." त्याचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण चोरही असाच रडतो, हे मी ऑफिसात पाहिलंय.

तेवढ्यात सत्यशीला आली. तिने पातेलं पाहिलं, आलेख पाहिला.

"अहो, म्हशीच्या दुधात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणीच असतं!"

"कोण घालतं?"

"म्हैस! आणि माझी सहा आठवड्यांची मेहनत या पातेल्यात कोणी घातली?"

मी बारा दारांत जाऊन माफी मागितली. पण पुणेकरांचा संशय एकदा जागा झाला की पुन्हा झोपत नाही. "ठीक आहे," अनिरुद्ध म्हणाला, "पण कोणीतरी रोज धार काढताना समोर उभं राहायला हवं." कोणीतरी म्हणजे कोण, हे सगळ्यांनी माझ्याकडे बघून ठरवलं.

आता रोज पहाटे पाच वाजता मी गोठ्यात हजर. चौथ्या दिवशी रामदासने अर्धीच बादली दाखवली.

"साहेब, तुमी जरा भाइर थांबा. तुमी समोर असला की म्हस पान्हा चोरती."

"का हो?"

"मुकं जनावर हाय. तिला तुमचा भरवसा वाटत न्हाई."