वाळवंटातला सुळका

साडेअकरा वाजले तरी जयराम सावेंच्या पिंडाला कावळा शिवेना. भुईगावच्या किनाऱ्यावर कावळ्यांची काही कमी नव्हती. एक तर पिंडापासून हातभर अंतरावर बसून भटजींकडे बघत होता.

सह्याद्रीतले सतरा सुळके चढलेले जयराम दहा दिवसांपूर्वी पंखा पुसताना स्टुलावरून पडून गेले. नोव्हेंबरात ते जॉर्डनच्या वाळवंटात जाणार होते. तिथला तांबड्या वालुकाश्माचा एक सुळका चढायला जगभरचे गिर्यारोहक येतात. त्याचा फोटो त्यांनी फ्रिजवर लावला होता. "बाबा, सदुसष्टाव्या वर्षी हाडं मोडून घ्यायचीत का?" असं म्हणून मुलीने, क्षितिजाने, तिकीट रद्द करून टाकलं. घरी सुरक्षित राहतील म्हणून. त्यामुळे कावळा का शिवत नाही, हे तिला माहीत होतं. बोलायला मात्र तोंड उघडत नव्हतं.

"क्षितिजाचं लग्न लावून देईन हो," आईने हात जोडले. कावळा शिवल्याशिवाय ती पाणीही घेणार नव्हती.

कावळा दोन पावलं मागे सरकला.

"दादा, वहिनीला मी अंतर देणार नाही," धाकटे भाऊ कृष्णाकाका म्हणाले. कावळ्याने चोच वाळूत पुसली.

"दर्भाचा कावळा करून शिववू या," भटजी घड्याळ बघत म्हणाले. "बाराला मला पाचूबंदरला पोचायचंय."

"दर्भाचा नको!" आईला रडू फुटलं. "अडकून राहतील हो ते."

वहिनीचं रडणं काकांना बघवेना. त्यांनी दोन्ही हात वर केले. "दादा, तुझा तो वाळवंटातला सुळका मी चढतो! पण आता शिव!"

कावळा उडी मारून आला आणि भातावर तुटून पडला.

काका मटकन वाळूत बसले. उंचीच्या भीतीने त्यांनी घरसुद्धा तळमजल्यावर घेतलं होतं.

"भटजी, वचन दुसऱ्या कोणाला सोपवता येतं का?"

"रक्ताच्या माणसाला चालेल," भटजी पिशवी भरत म्हणाले.

सगळे क्षितिजाकडे बघू लागले.

"मी जाईन," ती म्हणाली. मग आवाज आणखी खाली गेला. "मीच अडवलं होतं त्यांना. म्हणून शिवत नव्हता."

तीस वर्षं जयरामांचा दोर धरणारे भुईगावचे डेन्झिल इतका वेळ लांब उभे होते. ते पुढे आले.

"अगं, तिकीट रद्द झालं त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आलेला. म्हणाला, बरं झालं पोरीने अडवलं. तो दगड धरला की हातात वाळू येते म्हणे. फोटो बघूनच तंतरते माझी, म्हणाला."

क्षितिजा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. खरं की खोटं, काही कळेना. डेन्झिल कावळ्याकडे बघत होते.

"मग सुळक्याचं नाव काढल्यावर आला कसा?" काकांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"त्याच्याऐवजी तू चढणार म्हटल्यावर?" डेन्झिल म्हणाले. "माणूस निवांत जेवणारच ना!"