घासणारे ब्रेक

मिस्त्रींची धाकटी मुलगी लग्न होऊन डोंगरावर गेली, ते वर्ष. मिस्त्री समुद्रकाठी सायकली दुरुस्त करत आणि दर रविवारी मेहुण्याला घेऊन किनाऱ्याच्या सपाट रस्त्यावर चाळीस किलोमीटर हिंडून येत. सायकल जड चालते म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चाक फिरवून दाखवत आणि सांगत, "सायकलीत काही नाही. तुमचा दम कमी पडतोय."

मुलीला भेटायला जाताना दोघांनी सायकली बसच्या टपावर चढवल्या. व्याह्यांनी कळवलं होतं की इथली हवा विरळ आहे, आधी दोन दिवस पडून राहा, स्टँडवर गाडी पाठवतो. मिस्त्रींनी गाडी नाकारली. जेवणाच्या वेळेला सायकलवरूनच दारात येतो, असं सांगून बसले. आता माघार घेणं म्हणजे मुलीची सासरी मान खाली.

स्टँडपासून अर्ध्या किलोमीटरवर त्यांची छाती भात्यासारखी चालू लागली. ते उतरले, चाकाकडे पाहून म्हणाले, "ब्रेक घासतोय."

ब्रेक ढिला करण्यात वीस मिनिटं गेली, तेवढ्यात धापही थांबली. पुन्हा निघाले तर सायकल शंभरेक हात फुलासारखी चालली. निदान पक्कं झालं. मग पुन्हा जड. त्यांनी चेन सैल केली, चाकाचे छर्रे काढून पुसले. दर वेळी शंभर हात सुखाचे. मेहुणा रस्त्याकडेच्या दगडावर बसून धापा टाकत होता.

"दाजी, दम मलाही लागलाय."

"तुझीही सायकल मीच जोडलीय. तिचाही घासत असणार."

"गिऱ्हाईक असतं तर काय सांगितलं असतं?"

मिस्त्रींनी दोन्ही सायकलींचे ब्रेक काढले आणि रागाच्या भरात दरीत भिरकावले.

खिंडीत पोचले तेव्हा दुपार टळली होती. मुलीचं घर तिथून दिसत होतं. दोन किलोमीटर खाली, सरळ उतारावर.

दोघं टाचा रोवत, सायकली मागे खेचून धरत, पायी उतरले. दारात उभ्या व्याह्यांचा चेहरा खुलला. "चालत आलात, शहाणपणा केलात. नवख्यानं असंच यावं, पण ऐकतंय कोण." मग त्यांचं लक्ष चाकांकडे गेलं. "ब्रेक कुठे गेले?"

मुलगी वडिलांकडे बघत होती.

"मीच काढायला लावले," मेहुणा म्हणाला. "ब्रेक असते तर दाजी चालले नसते."

पुढे दुकानात मिस्त्री चाक फिरवून दाखवत, पण ते जुनं वाक्य गाळत. स्टूल पुढे सरकवून नुसतं "बसा जरा" म्हणत. मेहुण्याने ही गोष्ट बहिणीलासुद्धा सांगितली नाही. ती पोटात ठेवूनच तो नऊ वर्षांनी, मार्चच्या बारा तारखेला, सकाळी वारला.