वीस ओळी आणि चार क्विंटल खवा

"मला फसवणारा मोबाईल अजून जन्माला यायचाय!" असं उत्कर्ष ईट गावच्या स्टँडवर, हातातला चहा अर्धा शर्टावर सांडेपर्यंत हात उडवून म्हणाला होता. ऐकणारी चार माणसं होती. त्यातली दोन गाडीची वाट बघत होती, म्हणून त्यांना ऐकणं भाग होतं.

स्टँडसमोरच उत्कर्षचं ऑनलाइन सेंटर होतं. पीकविमा, उतारे, दहावीचा निकाल, रेल्वेचं तिकीट, सगळं तिथं. पण मनातून तो स्वतःला सेंटरवाला समजत नव्हता. तो स्वतःला प्रोग्रामर समजत होता. धाराशिवला कॉलेजात शिकून आला होता आणि जावास्क्रिप्ट हा शब्द तो इतक्या प्रेमानं उच्चारायचा की त्याच्या आईला, विठाबाईंना, बरेच दिवस ती एखादी मुलगी वाटत होती.

मुलगी खरी वेगळीच होती. खवा भट्टीवाल्या मुक्ताबाईंची अर्पिता. दोघांचं जमलं होतं, विठाबाईंची ना नव्हती, घोडं अडलं होतं ते मुक्ताबाईंपाशी. नवऱ्याच्या मागं पाच कढया आणि सहा म्हशी एकटीनं सांभाळलेली ती बाई. तिला खुर्चीत बसून होणारं काम हे काम वाटतच नव्हतं.

"दिसभर बटनं दाबतो, आन् ह्याला धंदा म्हणत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "बरं, दाबतोस तर दाब. माजा खवा त्या तुज्या येबसाईटवर इकून दाव. खप वाढला तर पोरगी तुजी. न्हाय वाढला तर परांड्याचं डाळिंबवाल्याचं स्थळ हाय. ते ऐतवारी उत्तर मागनारेत."

ऐतवार सहा दिवसांवर होता. उत्कर्षनं तीन दिवसांत वेबसाइट उभी केली आणि लॅपटॉप काखोटीला मारून भट्टीवर गेला.

"मावशी, माझी वेबसाइट नुसती साइट नाही. ती समोरच्याला ओळखते!"

"आगं बया! मंग पोलिसात दे की तिला."

"तसं नाही हो! कुणीही वेबसाइटच्या दारात आलं की त्याचं ब्राउझर आधी एक चिठ्ठी देतं. मी कोण, कुठल्या यंत्रावरून आलो, सगळं त्यात असतं. माझ्या वीस ओळी ती चिठ्ठी वाचतात. चिठ्ठीत 'अँड्रॉइड' आणि 'मोबाईल' दोन्ही असलं तर फोन. नुसतं 'अँड्रॉइड' असलं तर टॅबलेट. दोन्ही नसलं तर कॉम्प्युटर!"

"आन् त्येचं काय करू? लोनचं घालू?"

आता खरी हुशारी पुढं होती. उत्कर्षनं घसा साफ केला. "फोनवर कोण असतं मावशी? घरगुती गिऱ्हाईक. त्याला एक नग म्हणजे एक किलो. टॅबलेट कुणाकडं असतो? मिठाईच्या दुकानात, गल्ल्यावर. त्याला एक नग म्हणजे पाच किलो. आणि कॉम्प्युटरवर कोण? मोठ्या पेढ्या! त्यांना एक नग म्हणजे दहा किलो, वर फर्मचं नाव लिहायचं आणि माल न्यायला गाडी त्यांचीच. कुणाला काही विचारायचंच नाही. यंत्र बघून माणूस ओळखायचा!"

मुक्ताबाईंनी उलथणं कढईत थांबवलं. "आन् त्या चिठ्ठीत कुनी खोटं लिवलं, तर?"

"मावशी," उत्कर्ष दयेनं हसला, "माणूस खोटं बोलतो. यंत्र नाही."

अर्पिता शेजारी बसून खव्याचे गोळे बांधत होती. ऑर्डरींची यादी ठेवायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं.

गुरुवारी सकाळी उत्कर्षनं गावाच्या ग्रुपवर वेबसाइट टाकली. शिवाय सेंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "काका, एक नग तरी मागवा. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे." काकांनी मान डोलावली. गावात मान डोलावणं फुकट असतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी आशा सुटत नाही.

संध्याकाळी तो धापा टाकत भट्टीवर आला.

"मावशी! बेचाळीस ऑर्डरी! आणि सगळ्या कॉम्प्युटरवरून!"

"सगळ्या?"

"सगळ्या! एक तेवढी टॅबलेटवरची. फोनवरून एकही नाही. बघा, गावातल्या एकानं किलोभर मागवला नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. पण बाहेरच्या पेढ्या तुटून पडल्यात! ही नावं तर वाचा. 'गुंडाप्पा अँड सन्स'. 'सत्यभामा एंटरप्रायजेस'. 'बी. बंडप्पा इंटरनॅशनल'!"

"इंटरनॅशनल?" मुक्ताबाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "म्हंजे दुबईबिबईचं का रं?"

"असणार! बंडप्पा नाव म्हणजे कर्नाटकातली माणसं. तिकडून बाहेर माल जातो." आपल्या गल्लीतच एक बंडप्पा राहतो आणि रोज सेंटरच्या पायरीवर बसून पेपर वाचतो, हे उत्कर्षच्या डोक्यात त्या क्षणी आलं नाही. आनंदाच्या भरात माणसाला शेजारी दिसत नाहीत.

हिशोब झाला. एक्केचाळीस पेढ्यांचे चारशे दहा आणि टॅबलेटवाल्या 'शुभमंगल'चे पाच. चारशे पंधरा किलो खवा, शनिवार सकाळपर्यंत! मुक्ताबाईंनी पदर खोचला. स्वतःच्या म्हशींचं दूध म्हणजे दर्यामे खसखस. मग गावातलं दूध उचललं, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचं उचललं. डेअरीकडं निघालेले कॅन वाटेत अडवले. दुसऱ्या दोन भट्ट्या भाड्यानं घेतल्या. शुक्रवारी ईटमध्ये चहाला दूध नव्हतं! हॉटेलात कोरा चहा, घराघरात कोरा चहा, आणि एका घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणे नुसतं गरम पाणी देऊन, "डाक्तरांनी सांगितलंय," असं सांगितलं गेलं.

उत्कर्षनंही शर्ट काढून उलथणं हातात घेतलं. दोन दिवसांत त्याच्या तळहाताला फोड आले, भुवया अर्ध्या जळाल्या, पण चेहऱ्यावरचं तेज काही कमी होईना. शुक्रवारी दुपारी मुक्ताबाई त्याला पहिल्यांदा "उत्कर्षराव" म्हणाल्या. त्यानं हे अर्पिताला तीनदा सांगितलं.

शनिवारी सकाळी भट्टीसमोरचा रस्ता झाडून, पाणी मारून ठेवला होता. ट्रक वळायला अडचण नको म्हणून उत्कर्षनं कुंपणाची बाभळ तोडली. आत पांढऱ्या फडक्यांवर खव्याचे डोंगर.

पहिलं वाहन आठ वाजता आलं. सायकल. वर बंडप्पा मामा, हँडलला अडकवलेला स्टीलचा डबा.

"मामा, जरा बाजूला घ्या सायकल," उत्कर्ष म्हणाला. "ट्रक येणारेत."

"येऊ दे की. माजा एक किलो दे आन् म्या जातो."

"कसला एक किलो?"

"म्या ऑर्डर न्हाय का दिली? तूच पाया पडला हुतास की! एक लिवलंय. फर्मचं नाव, फर्मचं नाव म्हणून अडून बसली ती तुजी साइट. फुडं जाईचना! मंग नातवानं लिवलं, बी. बंडप्पा इंटरनॅशनल."

मुक्ताबाईंनी सावकाश उत्कर्षकडं पाहिलं. तोवर मागून गुंडाप्पा आला, दोन्ही सन्स मोटारसायकलवर मागं बसवून. मग सत्यभामाबाई एंटरप्रायजेस, हातात वाटीवजा पातेलं. मग सगळं गाव! एक्केचाळीस डबे, पिशव्या, पातेली. सगळ्यांना एकेक किलो, आणि सगळ्यांची एकच तक्रार, "मुक्ताबाई, गावचं दूध कुठं गेलं वो? दोन दिस झालं कोरा चा पितोय!"

उत्कर्षनं मामांच्या हातातला फोन ओढला. वेबसाइट उघडली. अक्षरं मुंग्यांएवढी! 'एक नग = दहा किलो' ही त्याची सूचना तर मुंगीच्या पिलाएवढी. कुणाच्या बापाला दिसणार होती?

"हे एवढं बारीक कसं दिसतंय, मामा?"

"आता मला इचारतोस? इम्याच्या फार्माला तूच टिक मारलीस न्हवं! 'डेस्कटॉप साइट' का काय ते. म्हणलास, फार्म अर्धाच दिसतो, ही टिक ठिवा, कवाच काढू नगा."

उत्कर्षनं फोनच्या मेनूत पाहिलं, टिक तशीच होती. खरंच! दोन हंगामांत, विम्याच्या रांगेत, ईटमधल्या झाडून साऱ्या फोनना त्यानं स्वतःच्या हातानं ती टिक मारली होती. ती टिक मारली की फोन चिठ्ठीत लिहितो, मी फोन नाही, मी कॉम्प्युटर! यंत्र खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसानंच अख्ख्या गावाच्या यंत्रांना खोटं बोलायला शिकवलं होतं. चिठ्ठीवर विसंबण्याऐवजी पडदा बोटानं चालतो का, एवढं विचारणारी एकविसावी ओळ लिहिली असती तरी बिंग फुटलं असतं.

एवढ्यात लग्नं लावणारे गुरुजी आले, काखेत टॅबलेट. गावातला एकमेव टॅबलेट तो. त्यात पंचांग असायचं आणि गुरुजी तो कुणाला हात लावू देत नसत. त्यामुळं उत्कर्षच्या वीस ओळींनी आयुष्यात बरोबर ओळखलेलं ते एकमेव यंत्र!

"मी एकच लिहिलं होतं," गुरुजी म्हणाले. "पाच किलो मी एकटा काय करू?"

बेचाळीस किलो खवा गेला. उरला तीनशे त्र्याहत्तर. ऊन चढत होतं. बार्शीच्या व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं, आमचा माल आधीच भरलाय. भूमच्या व्यापाऱ्यानं तर पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, हसतच सुटला.

"उत्कर्ष," मुक्ताबाई म्हणाल्या. 'राव' गेलं होतं. "उद्या ऐतवार. म्या परांड्याला हो कळिवते. आन् तू हितनं नीघ. न्हायतर तुला कढईत घालीन, आन् दहा किलोच्या नगात इकीन!"

उत्कर्षला रडू येत होतं, पण एक्केचाळीस पातेल्यांसमोर रडणार कसं? तो चपला शोधू लागला. त्या खव्याखाली गेल्या होत्या.

"आता येवढा खवा कोन खानार?" बंडप्पा मामा खव्याच्या डोंगराकडं बघत म्हणाले. "ह्यो काय रोजच्या पंगतीचं काम न्हाय. ह्याला एक दांडगं लगीनच पायजे."

"मग लावा की," अर्पिता म्हणाली.

"कुनाचं?"

"माझं."

अर्पितानं हातातला गोळा फडक्यावर ठेवला, हात पुसले. "परांड्याचे लोक साखरपुडा दिवाळीत करू म्हणत्यात. दिवाळीपतोर हा खवा टिकतोय का आई? उद्या लगीन लावायला तयार असंल असं दुसरं कोन हाय?"

मुक्ताबाईंनी खव्याकडं पाहिलं. मग उत्कर्षकडं पाहिलं. मग परत खव्याकडं. काळजी खव्याचीच जास्त होती हे उघड दिसत होतं. "गुरुजी," त्या शेवटी म्हणाल्या, "बघा की जरा त्या पाटीत."

गुरुजींनी टॅबलेटवर बोट फिरवलं. "उद्या गोरज मुहूर्त आहे. उत्तम आहे. शिवाय माझे चार किलो त्यात धरा."

विठाबाईंना निरोप गेला. त्या पोळ्या करत होत्या. तवा तसाच ठेवून पळत आल्या, पोराच्या भुवयांचे जळके केस बघून म्हणाल्या, "हळदीत झाकून जातील!"

आणि रविवारी लग्न लागलं! त्या लग्नासारखं जेवण ईटनं पुन्हा पाहिलं नाही. गुलाबजाम, पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या. वाढपी भात मागणाऱ्याला गुलाबजाम वाढत होते आणि वरण मागणाऱ्याला पाक! आहेर घेऊन आलेला प्रत्येक माणूस परत जाताना खव्याचा गोळा घेऊन गेला, त्याला तो नको असला तरी. बी. बंडप्पा इंटरनॅशनल तिसऱ्या पंगतीला बसून उठलेच नाहीत. त्यांना सन्सनी धरून नेलं. शेवटचा गोळा संपला तेव्हा मुक्ताबाईंनी डोळ्याला पदर लावला. पोरगी चालली म्हणून की माल संपला म्हणून, हे कुणी विचारलं नाही.

मांडवात गर्दी ओसरली. उत्कर्ष मुंडावळ्या सावरत नव्या बायकोकडं झुकला आणि छाती फुगवून म्हणाला, "बघ, शेवटी माझ्याच कोडनं लग्न जुळवलं! थोडी चूक झाली, पण नशीब बघ."

"नशीब कसलं?" अर्पिता बांगड्या मागं सारत म्हणाली. "गुरुवारी रात्री यादी आली तवाच मी सगळ्यांना फोन लावला होता. सगळे म्हणले, एकच किलो."

"म्हणजे तुला माहीत होतं? आणि तू गप्प बसलीस?"

"तुमच्या बेचाळीस किलोच्या खपावर आईनं पोरगी दिली असती व्हय? उरलेल्या खव्यापायी दिली."

उत्कर्षनं तोंड उघडलं. अर्पितानं ताटातला गुलाबजाम उचलून त्याच्या उघड्या तोंडात घातला, आणि तो मुकाट्यानं चावत बसला.