कोबोलमधला उत्तम

टिपणीस साहेबांनी रजेचा अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि अर्ज उत्तमच्या हातात परत दिला.

“लग्नासाठी मी समजू शकतो. शुक्रवारी पाहुणे गेले की दुपारनंतर जा. पण हळदीला अख्खा गुरुवार? हळद म्हणजे तासाभराचं काम!”

बाळकुमच्या कोळीवाड्यात हळद तासाभरात उरकते असं मानणाऱ्या माणसाशी वाद कुठून सुरू करायचा, ते उत्तम भोईरला कळेना. सकाळी मांडव, दुपारी लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीची गाणी, मग बेंजोवर नाच, आणि मांडवात शिरलेला कुणीही पिवळा झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. शिवाय उत्तमचे वडील वारलेले. नवरी मुलगी मंजुळा, तिला तो एकच भाऊ.

“साहेब, मी नसलो तर आई मला घरात घेणार नाही.”

“आणि शुक्रवारी मोठे साहेब मुंबईहून खास कॉम्प्युटर बघायला येतायत. गुरुवारी काही बिघडलं आणि तू नसलास, तर मला कोण घरात घेईल? लोकांना सारखं काहीतरी विचारायचं असतं. त्यांना उत्तरं कोण देणार?”

हा शेवटचा प्रश्न साहेबांनी विचारायला नको होता. उत्तमच्या डोक्यात त्याच क्षणी नको ते शिरलं.

एकोणीसशे ब्याण्णव सालची ही गोष्ट. ठाण्यातल्या त्या कंपनीत बाटल्यांची झाकणं बनत. कचेरीत एक मोठा कॉम्प्युटर होता. तो काचेच्या खोलीत एसीच्या गारव्यात बसे आणि बाकीच्यांच्या टेबलांवर त्याची सहा टर्मिनलं होती. कचेरीतला इंटरकॉम कायमचा आजारी असल्याने उत्तमने मागच्याच वर्षी एक प्रोग्रॅम लिहिला होता. टर्मिनलवर निरोप टाइप करायचा, तो दुसऱ्याच्या पडद्यावर उमटायचा. मराठी निरोप, इंग्रजी अक्षरं. हे सगळं त्याने कोबोलमध्ये लिहिलं, कारण कंपनीकडे दुसरी भाषा नव्हती आणि उत्तमला दुसरी येत नव्हती. कोबोल ही पगारपत्रकं काढण्यासाठी जन्मलेली भाषा. तिच्याकडून गप्पा मारून घेणं म्हणजे तलाठ्याकडून लावणी म्हणवून घेण्यासारखं होतं. एक पूर्णविराम राहिला की ती एकशे बारा चुका दाखवी, आणि त्यात पूर्णविराम राहिल्याचा उल्लेख कुठेच नसे.

तरीही पुढचे चार दिवस जेवणाची सुट्टी जाळून उत्तमने आपली बदली तयार केली. उत्तमच्या नावाने आलेला निरोप हा प्रोग्रॅम वाचणार. त्यात ‘प्रिंटर’ हा शब्द असला तर उत्तर: ‘रिबन काढून परत लावा.’ ‘अडकला’ असा शब्द असला तर: ‘बंद करून चालू करा.’ ‘रिपोर्ट’ असेल तर: ‘छापतोय, वेळ लागेल.’ आणि यातलं काहीच नसेल तर: ‘हो साहेब, बघतो.’ प्रत्येक उत्तराआधी कॉम्प्युटरने काही लाखांपर्यंत उगीचच आकडे मोजायचे, म्हणजे मिनिटभर जाईल. उत्तम स्वतः कधी लगेच उत्तर देत नसे, त्यामुळे कुणाला शंका येणार नव्हती. सगळ्या बोलण्याची नोंद आतल्या प्रिंटरवर छापून निघेल, अशीही सोय त्याने केली. काम करायचं ते व्यवस्थित, हा त्याचा स्वभाव होता, आणि तोच त्याला नडायचा होता.

काचेची खोली तर अशा उद्योगासाठीच बांधल्यासारखी होती. ऊन नको म्हणून काचांवर खाकी कागद, धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर, गारवा जाऊ नये म्हणून दार सदा बंद. ओढलं की लागणारं कुलूप. एक किल्ली उत्तमकडे, आणि दुसरी हरवू नये म्हणून टिपणीस साहेबांनी ती स्वतःच्या हाताने त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली होती.

गुरुवारी नऊ वाजता उत्तमने मस्टरवर सही केली. दाराबाहेर जुन्या चपला काढून ठेवल्या, आत जाऊन प्रोग्रॅम सुरू केला, पिशवीतून दुसऱ्या चपला काढल्या, मागच्या जिन्याने उतरला आणि रिक्षात बसला.

दुपारपर्यंत दृष्ट लागावी असं चाललं. कोपरहून येणाऱ्या टायपिस्ट सगुणाबाईंनी प्रिंटरची तक्रार केली, रिबन काढून परत लावली, प्रिंटर चालू झाला. माल पाठवण्याचं काम बघणाऱ्या सहदेवने विचारलं, ‘रविवारी माझ्या पोराचं गणित घेशील का?’

‘हो साहेब, बघतो.’

नोकरीच्या चौदा वर्षांत सहदेवला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. तो पडदा त्याने शेजारच्या दोघांना बोलावून दाखवला.

दोन वाजता टिपणीस साहेबांनी स्वतः निरोप धाडला. ‘उद्या टाय लावून ये.’

‘हो साहेब, बघतो.’

साहेब चमकले. पंखा कमी कर म्हटलं तरी तीन कारणं सांगणारा हा माणूस. त्यांनी खडा टाकून पाहिला. ‘पुढल्या रविवारीही कामावर ये.’

‘हो साहेब, बघतो.’

“सगुणाबाई,” साहेब केबिनच्या दारात येऊन म्हणाले, “उत्तमची तब्येत बरी आहे ना?”

सगुणाबाईंनाही तेच वाटत होतं. दीड वाजता त्यांनी निरोप टाकला होता: ‘जेवायला ये. तुझ्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी आणलीय.’ उत्तर आलं, पण उत्तम आला नाही. बोंबलाच्या चटणीला उत्तम नाही म्हणतो हे सगुणाबाईंना पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी दोन आणि दोन चार केले.

“साहेब, आज त्याच्या बहिणीची हळद आहे. तुम्ही रजा नाही दिली. पोरगा आतमध्ये रडत बसलाय.”

“काहीतरीच काय!”

“मग विचारा ना!”

साहेबांनी विचारलं. ‘उत्तम, तू रडतोयस का?’

मिनिट गेलं. ‘हो साहेब, बघतो.’

“बघा,” सगुणाबाई म्हणाल्या, “हो म्हणाला.”

सगळी कचेरी काचेच्या दाराशी जमली. चपला बाहेर होत्या. दार आतून बंद होतं, निदान सगळ्यांना तसंच वाटलं. साहेबांनी टकटक केलं, मग थापा मारल्या. आतून आवाज नाही. तेवढ्यात प्रिंटर खरखरला.

“जिवंत आहे!” सहदेव ओरडला. असं म्हटल्यावर, तो जिवंत नसूही शकतो हे सगळ्यांना पहिल्यांदाच सुचलं.

“आत किती वायरी आहेत हो,” सहदेवच पुढे म्हणाला. सगुणाबाई मटकन खुर्चीत बसल्या.

साहेब धावत टर्मिनलवर गेले. ‘उत्तम, वायरींना हात लावू नकोस.’

‘हो साहेब, बघतो.’

“अरे, बघतो काय बघतो!” साहेब पडद्यावर खेकसले.

“दार फोडू या?” सहदेवने बाह्या सरसावल्या.

“आणि आवाजाने बिथरून त्याने काही केलं म्हणजे?”

चार वाजता साहेबांनी टाइप केलं, ‘उद्यापासून चार दिवस रजा मंजूर.’ उत्तर तेच आलं. ‘आजचीही मंजूर. सकाळपासून.’ तेच. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दोन बोटांनी बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिले. काय ते कुणाला दिसलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

“तो घरच्यांचंच ऐकेल,” साहेब म्हणाले. “मी बाळकुमला जाऊन येतो. आईला नको सांगायला, तिला धक्का बसेल. एखादा भाऊबंद गाठतो.”

मांडवात बेंजो टिपेला पोचला होता. मंजुळा पाटावर बसली होती, उत्तमची आई आवडाबाई भावकीतल्या सुनांना हाका मारत होत्या, आणि उत्तम डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन दामाजीमामाबरोबर नाचत होता. इतका सुखी तो वर्षभरात झाला नव्हता. एक गिरकी घेतली आणि समोर बघतो तर टिपणीस साहेब.

त्याचे पाय जमिनीला चिकटले. पण साहेबांच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. पन्नास पिवळ्या तोंडांपैकी सगळ्यात जवळचं त्यांनी धरलं आणि कानाशी येऊन म्हणाले, “तुम्ही उत्तम भोईरचे कोण?”

“भाऊ,” उत्तम घोगऱ्या आवाजात म्हणाला. “चुलत. गोविंदा.”

“गोविंदराव, गडबड करू नका, पण माझ्याबरोबर चला. उत्तमने कॉम्प्युटरच्या खोलीत कोंडून घेतलंय. काही ऐकत नाही.”

“नाय हो, तो... तो तसला नाय.”

“मी दोन तास त्याच्याशी बोलतोय!” साहेबांनी त्याचं मनगट धरलं.

खरं सांगावं तर नोकरी जाते, न जावं तर साहेब आईकडे वळतात. “कया चाललास रं?” आवडाबाईंनी लांबून हाक मारली. “आयलोच,” म्हणत उत्तम गाडीत बसला. ज्या हळदीसाठी एवढा खटाटोप केला ती मागे राहिली आणि तो स्वतःची समजूत काढायला कचेरीत निघाला. वाटेत त्याने कोबोलला, साहेबांना आणि सगळ्यात जास्त स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

कचेरीत सगुणाबाई डोळे पुसत होत्या. सगळे बाजूला झाले.

“बोला त्याच्याशी,” साहेब म्हणाले.

पिवळा उत्तम बंद दारासमोर उभा राहिला. “उत्तम,” त्याने घोगऱ्या आवाजातच हाक मारली, “ये ना बाहेर. आई वाट बघतेय.”

आत कुणीच नसल्यामुळे कुणी बोललं नाही.

“टर्मिनलवर सांगा, तिथे तो उत्तर देतो,” साहेबांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर दुपारचं सगळं बोलणं तसंच होतं. उत्तम वाचू लागला.

‘उत्तम, माझं चुकलं.’ ‘हो साहेब, बघतो.’ ‘अकरा वर्षांत मी एक रजा घेतली नाही. धाकट्या भावाच्या लग्नाला मी अक्षता टाकायला पोचलो आणि जेवायच्या आधी परतलो. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.’ ‘हो साहेब, बघतो.’ ‘तू तरी असं करू नकोस रे. बाहेर ये.’ ‘हो साहेब, बघतो.’

उत्तमने शेवटची ओळ पुन्हा वाचली. सख्खं माणूस बोलणार नाही असं साहेब बोलले होते, आणि ते ऐकायला इथे कुणी नव्हतं. तो उठला, कमरेची किल्ली काढली आणि दार उघडलं. आत गारवा होता, दिवे लुकलुकत होते आणि प्रिंटरखाली कागदाची गुंडाळी जमिनीला टेकली होती.

“साहेब, मीच उत्तम,” तो म्हणाला. “आत नुसता प्रोग्रॅम आहे.”

सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. मग सगुणाबाई बोलल्या, “म्हणजे मी दुपारपासून रडतेय ती मशीनसाठी?”

“सस्पेंड!” टिपणीस साहेब ओरडले. “आत्ताच्या आत्ता! कामाच्या वेळेत, मस्टरवर सही करून...”

“साहेब, त्याची रजा मंजूर आहे,” सहदेव नम्रपणे म्हणाला. त्याने गुंडाळी उचलून धरली. “सकाळपासून. छापील आहे.”

साहेबांनी कागद हिसकावला. त्यावर रजाच नव्हे, भावाच्या लग्नाचंही सगळं छापील होतं. त्यांनी त्याची घडी केली, आणखी एक घडी केली आणि खिशात कोंबली.

“साहेब,” उत्तम हात जोडून म्हणाला, “हळद खोळंबलीय. ओरडायचं असेल तर गाडीत ओरडा.”

साहेब बाळकुमपर्यंत ओरडले. सगुणाबाई आणि सहदेव मागच्या सीटवर बसून ऐकत होते. मांडवाशी गाडी थांबली तेव्हा मंजुळा पाटावरून उठली नव्हती.

“कुठं गेलेलास?” ती कडाडली. “तुझ्याशिवाय उठनार नाय सांगून बसलीय मी. पाय मोडले माझे.”

उत्तमच्या आधी टिपणीस साहेबच पुढे झाले. “पोरी, माझ्यामुळे उशीर झाला.”

“मग या इकडं,” आवडाबाई म्हणाल्या, आणि चार बायकांनी साहेबांना चष्म्यासकट हळदीत बुडवून काढलं.

घरची कुटलेली हळद, वर तेल. शुक्रवारी सकाळी टिपणीस साहेबांनी तीनदा साबण लावला, त्यांच्या बायकोने डाळीचं पीठ चोळलं, पण रंग हलेना. दहा वाजता मोठे साहेब गाडीतून उतरले आणि हात पुढे करता करता मागे सरले.

“टिपणीस! तुम्हाला कावीळ झालीय!”

“नाही सर, ही हळद...”

“हळद? काविळीवर हळद चोळताय? शिकलेले ना तुम्ही? काही हातात घेऊ नका. ताबडतोब घरी जा. पंधरा दिवस इथे फिरकायचं नाही, हा हुकूम समजा.” कॉम्प्युटर न बघता, चहा न घेता, दाराची मूठ रुमालाने धरून मोठे साहेब निघून गेले.

संध्याकाळी गोरज मुहूर्तावर मंगलाष्टकं सुरू होण्याआधी उत्तमला मांडवाच्या खांबाशी टिपणीस साहेब दिसले. इस्त्रीचा झब्बा, पिवळी मान, आणि हातांचं काय करावं ते कळत नाहीये असा चेहरा.

“साहेब, तुम्ही? आणि ऑफिस?”

“रजेवर आहे,” साहेब म्हणाले. शब्द नवा असल्यासारखा त्यांनी तो सावकाश उच्चारला. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. “उत्तम, रजेत माणसं नेमकं करतात काय रे?”

तेवढ्यात आवडाबाईंनी अक्षतांचं ताट आणून साहेबांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “उभं काय राहिलाव? वाटा.”

साहेब वाटू लागले. पहिली मूठ त्यांनी एकट्या उत्तमच्याच ओंजळीत रिकामी केली, कारण प्रत्येकाला किती द्यायच्या हे त्यांना ठाऊक नव्हतं.