घोंगडीच्या मानाची हकीकत

कापसाचे दोन बोळे.

जळकी तांब्याची तार.

पांढरा रस्सा, ताटात गार झालेला.

गोलखांबाच्या बुडाशी टेकलेले कपाळ.

नारळ, न फुटलेला.

काळी घोंगडी, वास धुराचा.

या सहा वस्तू साक्षीस ठेवून, आणि मैदानाच्या कडेच्या मारुतीस उभ्याउभ्याच हात जोडून (वाकून नमस्कार करणे या दौलतीस मानवत नाही, का, ते पुढे येईल), शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन मास, ते समयी जे घडले ते येथे लिहिले असे.

दौलत म्हणजे एक पेठ. तिचे नाव लिहिले नाही, कारण लिहिले असता पलीकडची पेठ वाचून हसेल. पेठेत एक तालीम, तालमीचा एक फुटबॉलचा संघ, आणि संघापाठी सारी प्रजा. पोर धड चालावयास लागण्याआधी कॉर्नर कशास म्हणावे ते जाणत असे. संघ शूर होता आणि प्रजा त्याहून शूर होती. पण चषक हाताशी यावा आणि निसटावा, ऐसा क्रम वर्षानुवर्षे चालला, आणि मग प्रजेने विचार केला की जिंकण्याचा दरबार भरत नाही तर हरण्याचा भरवावा. त्यावरून फाल्गुनी पौर्णिमेस दिवस मावळता तालमीपुढे होळी पेटे, आणि प्रजा भोवती बसे, आणि तालमीचे कारभारी आनंदराव चौगुले एकेक पराभव उभा करीत, आणि प्रत्येक पराभवाअंती प्रजा तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोके. घाव जितका खोल, बोंब तितकी लांब.

प्रथम रश्श्याची लढाई सांगत. सामन्याच्या दुपारी प्रजेने प्रेमाने संघास जेवू घातले, आणि पांढरा रस्सा वाट्यांनी नव्हे तर तांब्यांनी वाढला, आणि मग संध्याकाळी चेंडू मोकळ्या गोलापुढे सेंटर फॉरवर्डाच्या पायाशी आला, तो गृहस्थ चेंडूशेजारी बसला, आणि पंचांनी दोनदा विचारपूस केली तरी उठला नाही. बोंब. मग खांद्याची लढाई. मध्यंतरास दोन गोलांची आघाडी पाहून प्रजेने कप्तानास खांद्यावर घेतले आणि मिरवणूक काढली, ती मारुतीस वळसा घालून बाजारात शिरली, आणि त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. कप्तान वरून "मला सोडा रं, खेळायचं हाय" म्हणत राहिले, आणि प्रजेने जाणिले की हा विनय आहे. परत आले तो तीन गोल बसून सामना संपला होता. बोंब. आणि अखेरीस, नारळ निखाऱ्यात घालावयाच्या वेळी, हलगीची लढाई.

ही लढाई शके एकोणीसशे चोवीसची, आणि तिचे धनी हिंदुराव साळोखे. हिंदुराव ते समयी संघाचे गोलकीपर, वय कोवळे, हात लांब, आणि पेठेत म्हण होती की हिंदुरावाच्या जाळीत माशीदेखील विचारून जाते. अंतिम सामना होता, एक गोलाची आघाडी होती, वेळ थोडका उरला होता, तो प्रजेतून हलगी कडाडली. ठेका विजयाचा. हिंदुरावांनी जाणिले की शिट्टी झाली असावी, गलक्यात आपणांस ऐकू आली नाही इतकेच. मग ते वळले, आणि ज्या गोलखांबाने राखले त्याच्या बुडाशी वाकून कपाळ टेकिले. शिट्टी झाली नव्हती. चेंडू मागून आला आणि त्यांच्या कमरेशेजारून जाळीत गेला, आणि हिंदुराव वाकलेलेच होते. मग जादा वेळेत दुसरा बसला आणि चषक पलीकडच्या पेठेत गेला. हलगी कोणी वाजविली हे दरबारात कोणी पुसत नसे. गोलकीपर मैदानात एकटा उभा असतो म्हणून दिसतो. हलगीवाला प्रजेत असतो.

दरबाराचा नेम ऐसा की थोरल्या पराभवाच्या धन्यास पाटावर बसवावे, अंगावर काळी घोंगडी घालावी, भाजल्या नारळाचा पहिला तुकडा द्यावा, आणि त्याकडे तोंड करून शेवटची बोंब ठोकावी. यात राग काडीचा नव्हता. प्रजा डोळ्यांत पाणी आणून त्यास मान देई, जसा शूरास द्यावा. कलम एकच कठीण होते: घोंगडी ज्याच्या अंगावर पडली त्याने पुन्हा जाळीपुढे उभे राहू नये, मैदानाच्या आत पाऊल घालू नये. हिंदुराव त्या शिमग्यास पाटावर बसले आणि बावीस वर्षे बसलेलेच राहिले.

पुढे त्यांनी मोटरी भरण्याचे दुकान घातले. जळलेली पाण्याची मोटर येई, हिंदुराव जुनी तार उपसून नवी भरत, काम चोख होते, पण गिऱ्हाईक मोटर ठेवून जाताना हटकून विचारी, "डोळं मिटलं हुतं का उघडं?" लेकीस पाहावयास पाहुणे आले तर व्याह्यांनी चहा ओठांस लावण्याआधी पुसले, "वाकल्यालं ते आपणच न्हवं?" त्यावर त्यांचे कुटुंब अक्काताई आतून म्हणाल्या, "सरळ बी हुभं ऱ्हात्यात ते. बघायचं असंल तर हुभं करते." लग्न जमले. कारभारी आनंदराव मात्र कधी काही विचारीत नसत. त्यांची विहिरीवरील मोटर बिघडो वा न बिघडो, वर्षातून एकदा हिंदुरावांच्या दुकानी येई, आणि हिंदुराव ती उघडून, आतली तार धडधाकट पाहून, पुन्हा बंद करून पाठवीत. दोघांत शब्द होत नसे.

हिंदुरावांस आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. साध्या माणसासारखे शिमग्यास यावे, गर्दीत मागे बसावे, आणि दुसऱ्या कोणाच्या नावाने पोटभर बोंब मारावी. त्यासाठी हलगीच्या लढाईहून थोर पराभव पेठेस होणे प्राप्त होते. ते वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले, आणि कानांत कापूस घालून, कुंपणाबाहेर उभे राहून, एकूणएक सामना त्यांनी पाहिला, आणि संघ हरे देखील. पण तीन-शून्य, चार-शून्य, पहिल्याच फेरीत. नुसत्या हरण्यास कोण विचारतो? थोर हरावयाचे तर आधी जिंकत यावे लागते. हे ध्यानी येताच हिंदुरावांनी खोल मसलत केली: संघास उत्तम गोलकीपर देऊ, संघ अंतिम सामन्यास जाईल, आणि तेथे जे व्हावयाचे ते आपली प्रजा करीलच.

पिठाच्या गिरणीवाल्यांचा विश्वजित हाताने चपळ होता. हिंदुराव त्यास दुकानामागील बोळात शिकवू लागले.

"वस्ताद, तुमाला तर मैदान बंद हाय," विश्वजित म्हणाला.

"मैदान बंद हाय, बोळ न्हाई. चेंडू हाताला लागला की पोटाशी धरायचा. आभाळ कोसळलं तरी सोडायचा न्हाई. आनि ह्यो कापूस घे, कानात घाल."

"कापूस कशाला?"

"ऐकू येऊ ने म्हनून."

"काय ऐकू येऊ ने?"

"कायबी."

ऐसे तीन हंगाम गेले. विश्वजित मोटरीच्या दुकानात जेवू लागला, अक्काताई त्याच्या पानात भाकरी न विचारता टाकू लागल्या, आणि पोर उजवीकडे झेपावताना डावा गुडघा खरचटून घेई, तो हिंदुराव रोज संध्याकाळी हळद लावून देत आणि वर शिव्या देत. मसलत त्यांच्या ध्यानात होती. पण ती आता जुन्या नवसासारखी झाली होती, की फेडावा लागेल हे माहीत असते आणि कोणी आठवण केलेली खपत नाही.

आणि शेहेचाळिसाच्या फाल्गुनात संघ खरोखर अंतिम सामन्यास पोहोचला. समोर पलीकडची पेठ. विश्वजित कानांत कापूस घालून ऐसा खेळला की म्हाताऱ्यांनी टोप्या काढिल्या. एक गोलाची आघाडी झाली, वेळ सरत आला, आणि प्रजा आनंदाने वेडी झाली. गोलामागे गुलालाची पोती तयार होती, ती एकदम उधळिली. वारा मैदानाकडे होता. विजयाचा नारळ फोडावयास आणिला होता, तो धक्काबुक्कीत कोणाच्या हातून सुटून घरंगळत गोलात शिरला. तांबडा ढग जाळीवर उतरला, आणि त्या ढगात दुरून मारिलेला एक दुबळा चेंडू आला. कानांचा बंदोबस्त केला होता, डोळ्यांचा राहिला होता. विश्वजिताने चाहूल घेतली, झेप टाकिली, हाताला गोल वस्तू लागली ती पोटाशी धरिली, आणि सोडली नाही. ढग विरला तेव्हा चेंडू जाळीत होता आणि विश्वजित नारळावर पालथा पडला होता. पंच नारळ मागू लागले तरी देईना. मग डोळे चुरचुरत असता टायब्रेकर झाला, आणि पाचांपैकी एकही चेंडू त्यास दिसला नाही, आणि चषक गेला.

कुंपणाबाहेर हिंदुराव उभे होते. बावीस वर्षांनी त्यांची पाठ हलकी झाली.

दुसऱ्याच दिवशीच्या शिमग्यास त्यांनी दाढी केली, नवा सदरा घातला, आणि न्हाणीघरात एक बोंब मारून पाहिली. आवाज बरा होता. अक्काताई म्हणाल्या, "पोराच्या नावानं मारनार व्हय?" हिंदुराव दरबारात जाऊन गर्दीत मागे बसले. आसपासच्या लोकांनी सरकून जागा दिली, आणि त्या जागेत एवढा गारवा होता की हिंदुरावांस तीन वेळा मांडी बदलावी लागली.

होळी पेटली, रस्सा झाला, खांदा झाला, हलगीही झाली, आणि मग कारभाऱ्यांनी नारळाची लढाई उभी केली. बोंब इतकी लांबली की पलीकडच्या पेठेतील कुत्री उठली. मग कारभारी बोलिले, "पंचहो, मान आता बदलावा काय?" आणि प्रजा एकमुखाने म्हणाली, बदलावा. नारळ पोटाशी धरणे यासारखे काही झाले नाही आणि होणार नाही. विश्वजित पुढे आला. त्याचे डोळे अजून लाल होते. पाटाशी उभा राहून त्याने मागे हिंदुरावांकडे पाहिले आणि हसला.

"असू दे वस्ताद. तुमी लई वरीस बसला."

आणि त्याने डावा गुडघा जपून टेकिला. गुडघ्यावर हळद होती. हिंदुरावांनी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी लाविलेली.

हिंदुराव उठले. उठून काय करावयाचे हे ठरले नव्हते, पण उठल्यावर बसता येईना, मग ते पुढे चालत आले आणि म्हणाले, "थांबा. ही लढाई मोठी न्हाई."

दरबार चकित झाला. कारभारी म्हणाले, "हिंदुराव, नारळ हुता त्यो."

"हुता. पर पोरानं झेप तर घेतली? डोळ्यात गुलाल, तरी घेतली. धरलं ते सोडलं न्हाई. ह्याला हरनं म्हनत असाल तर तुमाला हरन्यातलं कळत न्हाई. मी काय केलं? चेंडू मैदानात, आनि मी वाकलो."

"ते आमाला पाठ हाय," एक म्हातारा म्हणाला.

"अर्धं पाठ हाय. मी नुसता वाकलो न्हाई. डोळं मिटलं. मिटून नवस बोललो."

बावीस वर्षांत हे कलम दरबारात आले नव्हते. मग कारभाऱ्यांनी हळूच पुसले, "काय बोलला?"

"म्हनलं, देवा, आयुष्यभर ह्याच जागी हुभा ठेव. बाकी काय मागत न्हाई." हिंदुरावांनी कमरेशेजारी हात दाखविला. "तेवढ्यात मागनं चेंडू गेला."

प्रजेने ऐकिले, आणि कोणाच्याने तत्काळ बोंब मारवेना. कित्येक पुरुष नाक शिंकरू लागले. एवढा सुंदर पराभव आपल्या दौलतीत होता आणि आपण तो अर्धाच भोगीत होतो, ऐसे सर्वांस वाटले. इतक्यात विश्वजित पाटावरून म्हणाला, "पर वस्ताद, वाकला कशापायी? हलगी वाजली म्हनून न्हवं? मग हलगी कुनी वाजवली ती?"

कारभारी होळीकडे पाहू लागले. त्यांच्या हातातील घोंगडी एका बाजूने जमिनीस लागली.

हिंदुराव म्हणाले, "कोन का वाजवीना. कान माझं हुतं." आणि विश्वजितास दंडास धरून उठविले, आणि आपण पाटावर बसले, आणि कारभाऱ्यांकडे वर पाहून बोलिले, "घाला. थंडी वाजतीया."

मग कारभाऱ्यांनी घोंगडी घातली. खांद्यावर नीट बसेना, म्हणून दोनदा सारखी केली. नारळाचा पहिला तुकडा दिला. मग सर्व दरबाराने शेवटची बोंब ठोकली, ती या दौलतीतील सर्वांत लांब बोंब म्हणून गणली जाते; त्यात एक कारभाऱ्यांचा तेवढा आवाज नव्हता, त्यांनी हात तोंडाशी नेला आणि तसाच ठेविला. विश्वजित गर्दीत मागे जाऊन बसला, हिंदुरावांनी उबविलेल्या जागी.

येणेप्रमाणे घोंगडीचा मान साळोख्यांकडे कायम राहिला. नारळाची लढाई दुसऱ्या क्रमांकास लागली, आणि दुसऱ्या क्रमांकास मैदान बंद नाही. पुढील हंगामात विश्वजित कानांत कापूस आणि डोळ्यांस दुकानातील कामाचा चष्मा लावून जाळीपुढे उभा राहिला. पंचांनी हरकत घेतली, हिंदुरावांनी कुंपणाबाहेरून वाद घातला. संघ उपांत्य फेरीत हरला, साधाच. दौलत सुखरूप आहे. बहुत काय लिहिणे.

शके एकोणीसशे चोवीसच्या त्या अंतिम सामन्यात हलगी आनंदराव चौगुल्यांच्या खांद्यास होती.